पालखी मागं फिरत नाय

माझा जन्म कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या वाडीत, पोलादपूर तालुक्यातला. घरं मोजकीच, त्यातली निम्मी कुलपं लावून मुंबईत, आणि ती कुलपं उघडायची शिमग्याला नायतर गणपतीला. बाबा मुंबईत एका ऑफिसच्या कँटीनमध्ये होते, आई इकडं भातशेती, गुरं आणि मी. चौथीपर्यंत वाडीतच शाळा, मग रोज खाली उतरून कापडे, मग पोलादपूर, मग महाडला कॉलेज, बीएड. आमच्या वाडीतली पहिली बाई झालेली मुलगी मी, बाई म्हणजे शिक्षिका हो. आणि लग्न होऊन आता पनवेलकडं एका इंटरनॅशनल शाळेत भूगोल शिकवते. शाळेत मी नाही-आहे असंच बोलते, इंग्रजी तर फाडफाड, पण घरचं सांगायला बसले की नाय आणि हायच येतं तोंडात, तर तुम्ही ते तसंच लिहा, उगाच सुधारू नका.

आमच्या शाळेत दरवर्षी एक आठवडा वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा असतो. पोरांना गडावर ने, समुद्रावर ने, कुठंतरी ने. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, काहीतरी अस्सल पाहिजे. आणि माझ्या अंगात आलं, काय सांगू तुम्हाला, मी उभी राहून म्हटलं, मॅडम, माझ्या गावचा शिमगा. देवीची पालखी घरोघर फिरते, ढोल वाजतात, पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, पोरांनाही नाचवायला मिळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाव माझं आहे हे सांगताना छाती फुगली होती माझी. गाव माझं, एवढं सांगितलं. घर कुठलं ते मात्र मी पोरांना सांगणार नव्हते, ते तेव्हाच मनात ठरलं होतं माझ्या.

आता इथं मधलं सांगायला पायजे, नायतर कळायचं नाय. त्याच्या आदल्या वर्षी बाबा गेले. घरात सुतक, म्हणून त्या शिमग्याला पालखी आमच्या दारात थांबली नाय, तशीच पुढं गेली. आईनं दार लावून घेतलं होतं, ढोल ऐकवेनात म्हणून. तर गेल्या शिमग्याला वर्ष फिटलेलं, पालखी पुन्हा दारात येणार. पण देवीची ओटी भरायची सवाष्णीनं, आणि आई आता सवाष्ण नाय. म्हणून शिमग्याच्या आधीपासून रोज फोन, खण आणलाय हिरवा, नारळ बघून ठेवलाय, तांदूळ आपल्या शेतातलं, तू फकस्त हात लाव गो बाय. ओटी लेकीच्या हातनं जाऊ दे, म्हणजे बाबांच्या मागं घर हाय असं देवीला दिसंल. मी म्हणायची, हो गं आई, येतेच आहे ना मी, किती वेळा सांगशील.

आणि गेले की. बस भरून पोरं घेऊन गेले. शाळेचा नियम असा, की अंधार पडायच्या आत पोरं महाडच्या हॉटेलात पोचली पाहिजेत, डोंगरातल्या रस्त्यावर रात्री बस नाय. पालखी आमच्याकडं वरच्या आळीपासून निघते, मानाप्रमाणं एकेक घर घेत खाली येते, आणि खालच्या आळीत, म्हणजे आमच्याकडं, येईपर्यंत दिवे लागतात. म्हणून मी गावकीत अण्णांना फोन करून म्हटलं होतं, अण्णा, काहीही करा, पण उन्हं असताना पालखी खाली, आपल्या वाडीच्या शाळेच्या मैदानात आणा. अण्णा म्हणजे गावकीतले जुने, बाबांचे सोबती. ते म्हणाले, बाई तू सांगितलंस म्हंजे झालं. मला वाटलं, दुपारचं जेवण उरकतं घेतील. विचारलंसुद्धा नाय मी, कसं करणार म्हणून. बाई ना मी, सांगायची सवय, विचारायची नाय.

सकाळी पोचल्यावर पाच मिनिटं घरी डोकावले. आई चुलीपुढं, तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ मळलेलं, म्हणाली, पोरांना आण घरी, गरम गरम घालते. मी म्हटलं, नको, त्यांचं जेवण ठरलंय. ठरलं होतं खरं, मुंबईवाल्यांच्या नव्या स्लॅबच्या घरात, तिथं टाइल्स, तिथं पंखे. आमच्या घराला मागं पत्रा, अंगणात गुरांचं शेण, आणि आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. खरं सांगते, लाज वाटली मला. कुणाची? जिनं मला कापड्याच्या शाळेत घालायला स्वतःच्या डोक्यावरनं लाकडं वाहिली तिची. आईला कळलं का नाय देव जाणे, तिनं पिठावर ताट झाकलं आणि म्हणाली, बरं, संध्याकाळी पालखीच्या येळंला तरी ये. मी म्हटलं, पोरं बसमध्ये बसली की आलेच, आपल्याकडं अंधारातच येते ना.

दुपारनंतर मैदानात पोरं गोल बसवली. मॅडम खुर्चीत. हातात माईक. तेवढ्यात ढोल वाजायला लागला आणि मी ऐटीत सांगितलं, ऐका, आता पालखी वरच्या आळीत आहे. डोंगरात आवाज घुमतो हो, कुठनं येतो कळत नाय, पण मला सगळं माहीत असल्यासारखं मी सांगितलं. मग ओटीचं सांगायला लागले. घरातली सवाष्ण कशी नऊवारी नेसून उंबऱ्यात उभी राहते, खण, नारळ, तांदूळ, ती सबंध वर्षाची सुखदुःखं देवीच्या पदरात कशी घालते. काय रंगले होते मी! पोरं टक लावून बघतायत, मॅडम मान डोलावतायत. तेव्हा मैदानाच्या कडेला आमच्या शेजारची सुमनकाकी आली, धापा टाकत, हात हलवून मला बोलवत होती. मला वाटलं, चहाचं विचारायला आली असंल. मी माईक न सोडता तिला हातानं खूण केली, थांब. ती थांबली. पुन्हा हात केलान् तिनं. मी पुन्हा, थांब गं, दोन मिनिटं. बिचारी तशीच परत गेली.

मग पालखी मैदानात आली, पोरांनी खांदा दिला, नाचली, धुळीनं माखली, मॅडमनी स्वतः फोटो काढले. उन्हं होती अजून. बस सुटली, मी एक रात्र राहणार होते, आणि मी पदर खोचून घरी पळाले, ओटीची तयारी करायला. आई उंबऱ्यात बसलेली. ताट शेजारी, त्यावर फडकं.

म्हटलं, चल ऊठ, दिवा लाव, येईल आता. आई म्हणाली, आली व्हती. गेली.

मला कळेचना. ती म्हणाली, तुझ्या पोरांसाठी मान फिरवला नाय का त्यांनी, खालनं सुरवात केली यंदा, पयलं आपलंच घर. थांबली व्हती गो बराच येळ. सुमीला धाडली तुझ्याकडं. गुरव म्हणाला काकी तुम्हीच भरा, देवी काय बोलत नाय. पण माझा हात होईना. सुमी म्हणाली मी भरते, तर मीच नको म्हणाले, लेक गावात असताना शेजारणीच्या हातनं कशापायी. मग अण्णाच म्हणाले, वयनी, पुढं जायला पायजे, बाईच्या पोरांना उशीर होतोय.

माझ्या पोरांना उशीर होतोय म्हणून! मी तशीच अण्णांकडं धावले, रडत म्हटलं, एकदा परत आणा दारात. ते खाली बघत म्हणाले, पोरी, पालखी मागं फिरत नाय. तुला काय सांगायचं, तू तर शिकिवतेस ते. टोमणा नव्हता हो, साधंच बोलले, पण धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.  त्या भाकऱ्या आईनं रात्री मला वाढल्या, आणि मी खाल्ल्या, भूकही लागली होती मेली.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या पोरांनी परत आल्यावर प्रदर्शन मांडलं. एक मिहिका म्हणून मुलगी आहे, तिच्याकडं शाळेचा कॅमेरा होता. मी मैदानात बोलत होते तेव्हा ती मागंच राहिलेली, त्या स्लॅबच्या घरात संडासाला रांग, म्हणून कुणीतरी तिला शेजारी नेलेलं, नेमकं आमच्याच घरी. तिनं काढलेला फोटो मोठा करून लावला. आई उंबऱ्यात, हातात ताट, समोर पालखी, आणि आई पालखीकडं बघत नाय, रस्त्याकडं बघतेय. खाली लिहिलंय, गावातल्या एक आजी. सगळ्या पालकांसमोर मिहिकानं मला विचारलं, मिस, देवी तर समोर होती, मग या आजी कुणाची वाट बघत होत्या? आणि मी, शिकवणारी मी, सरळ म्हणाले, त्यांच्या घरचं कुणीतरी यायचं असेल. जिभेला हाड नसतं म्हणतात ना, तसं. एवढंच म्हणायचं होतं की ही माझी आई. नाय म्हणता आलं.

तो फोटो अजून आहे जिन्यापाशी. रोज त्याच्यासमोरनं वर्गात जाते, मान वर होत नाय. आता शिमगा पुन्हा तोंडावर आलाय, मी रजा टाकलीय, एकटी जाणार. खण आईनं तसाच घडी घालून ठेवलाय, नारळ तेवढा नवीन घेईन म्हणते. परवा फोनवर म्हणाली, त्या गोऱ्या पोरीलाही आण की, बिचारी माझ्याकडं नुसतं पाणी प्यायली, भाकरी खाल्लीन् नाय. मी म्हटलं, आई, तिनं काढलेला तुझा फोटो शाळेत लावलाय. इतकी खूश झाली, म्हणाली, अगो बाय, माझा? नाव घातलंय का खाली? मी म्हटलं, घातलंय. म्हणाली, देव तुझं भलं करो.

तेव्हा तुम्ही हे लिहिताय ना, तर लिहा. अनसूया नाव तिचं. आणि कोण म्हणून कुणी विचारलं, तर लिहा, त्या दिवशी मैदानात माईकवर ओटीचं सांगत होती ना, त्या बाईची आई.