दोर सुटला नाही, कापला

नाव मैनाबाई बेवा बुधाजी वानखडे, वय अंदाजे पासष्ट, धर्म बौद्ध, धंदा मजुरी, राहणार मौजे पिंपळघाट, वर्धा नदीकाठ. दिनांक ४ सप्टेंबर १९६२.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, माझं घर खालच्या घाटावर शेवटचं आहे. सोबत नात शालू राहते.

काल सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास वरच्या अंगाने श्रावण भोई व त्याची बायको कौशल्या यांची नाव आली. पावसाळाभर दोघं नावेतच राहतात, मासे धरतात, माणसं पलीकडे उतरवतात. नावेचं पोत्याचं शीड फाटलं होतं, ते शिवायला थांबायचं होतं. वरच्या घाटाला पाण्याची ओढ होती, म्हणून खाली आले. श्रावणने दोर फेकला, म्हणाला, "आजी, धर वं." मी धरला आणि दारापुढे रोवलेल्या बाभळीच्या खुंटाला बांधला.

भोयांची रीत अशी की काठावरची गाठ काठावरच्या माणसाने बांधायची, नाववाल्याने हात लावायचा नाही. ज्याने बांधली त्याचे ते पाहुणे, आणि नाव निघेपर्यंत दोर त्याच्या जिम्म्यात. म्हणून गाठ माझी. चाळीस वर्षं लोकांची जनावरं बांधली. त्यात खुशालरावांचे बैलही आले. एकही सुटला नाही.

दहाच्या सुमारास वरच्या घाटाचे शेतमालक खुशालराव आले. श्रावणला म्हणाले, "नाव वरच्या घाटावर घे. घरच्या बायकांले पलीकडं जायचं हाय."

श्रावण म्हणाला, "पाटील, शीड होऊ द्या, दुपारी आणतो. गाठ आजीची हाय, तिलेच सोडू द्या."

"तिनं बांधलेल्या नावंत आमच्या बायका बसतीन काय?"

मी म्हटलं, "नका बसू. पोहत जा."

त्यावर ते मला जे बोलले ते जमादार साहेबांनी विचारलं. ते लिहू नका, कागद खराब होईल, असं मी सांगितलं.

दुपारी बारा वाजता दोघांना जेवायला घरात बोलावलं. भाकर आणि अंबाडीची भाजी होती. कौशल्याने माझ्या माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतलं. शीड तिने सोबत आणलं होतं, जेवून शिवत बसली. शिवण संपली तेव्हा बाहेर घाव घातल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर आलो तर नाव धारेला लागली होती आणि खुशालराव कुऱ्हाड घेऊन दरड चढत होते. मी घाव पाहिला नाही. कुऱ्हाड पाहिली.

श्रावणने उडी घातली, नाव हाती लागली नाही. वळणावरच्या खडकावर फुटली. जाळी, चूल, भांडी, कौशल्याची पेटी, सगळं गेलं. त्यांना दुसरं घर नाही. शीड तेवढं शिवून झालं होतं. ते घेऊन ती काठावर उभी होती.

गोदाबाई घाटावर लुगडं धूत होती. तिने घाव पाहिला. ती बोलणार नाही, तिला गावात राहायचं आहे. मलाही तिथेच राहायचं आहे.

गावचे पोलीस पाटील वेगळे, त्यांनी रपोटात लिहिलं की मैनाबाईने गाठ ढिली बांधली म्हणून नाव वाहून गेली. म्हणून आज सकाळी खुंट उकरून डोक्यावर ठाण्यात आणला. गाठ जशीच्या तशी आहे, पुढे हातभर दोर आहे, टोक विळीने काकडी चिरावी तसं सपाट आहे. जमादार साहेबांनी गाठ सोडून पाहिली. दोन शिपायांनी पाहिली. सुटली नाही. हेही लिहा म्हटलं, लिहिलं.

जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात 'दोर सुटला' असं आलं होतं. मी बाकावरून उठले नाही. ते खोडून 'दोर कापला' केलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता मी सांगितलं तसंच आहे. शाईचा डबा पुढे केला, तो परत केला. मला सही येते.

मैनाबाई बुधाजी वानखडे