पश्चिमेच्या भिंतीचा मुहूर्त

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं घराचं बाहेरचं प्लास्टर बदलायचं तरी कधी? हसू नका हो! तीन वर्षं हा एकच प्रश्न घेऊन फिरतोय मी. आमची कर्वेनगरातली सोसायटी, सोळा फ्लॅट, आणि मी तिचा सेक्रेटरी. सेक्रेटरी कसा झालो, तर वीज मंडळातून रिटायर झालो त्या वर्षी सभेला पाच मिनिटं उशिरा पोचलो, तोवर हे लोक मला निवडून मोकळे! तर आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत... बाहेरचं प्लास्टर फुगलंय, टिचकी मारली की खपली पडते, आणि त्या भिंतीच्या आत नेमकी आमची झोपायची खोली. उशाशी बुरशी, आणि बुरशीनं आमच्या हिला, सुहासिनीला, खोकला. डॉक्टर म्हणाले, "यांना औषध मी देतो हो, पण भिंतीला कोण देणार?" बरोबर आहे त्यांचं. आणि भिंत पाझरतेच आहे.

तुम्हाला सांगतो, मी आपला सरळ माणूस, कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. महिपती म्हणून आहेत, आळंदीकडचे. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, कान लावला... "साहेब, समदं खरवडून नवं प्लास्टर मारावं लागतंय. उन्हाळ्यात करू की." मी सभेत मांडलं, उन्हाळा! तर तळमजल्याच्या सुशीलाबाई उठल्या, "अहो, नव्या प्लास्टरला आठ दिवस पाणी मारायचं कुठून? इथे आंघोळीला टँकर येतोय! म्हणजे भिंत न्हाणार आणि आपण बघत बसणार?" घ्या! गेला उन्हाळा. गच्चीवर बाईंचे सांडगे वाळत होते, धूळ त्यांच्यावर पडली असती, हे मला मागाहून कळलं. आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको, तेव्हा भिंत फक्त पाझरते.

मग महिपतींनीच तोड काढली. "साहेब, पितृपंधरवड्यात धरा. पाऊस उघडलाय, कुणी कामं काढत न्हाई, माझी मानसं रिकामीच हायेत." मी खूश! पितृपक्षात नवं काम नको असं कुणी म्हणालंच, तर हे नवं नाही, जुन्याची दुरुस्ती आहे, असं उत्तरसुद्धा पाठ करून गेलो. तर सुशीलाबाई म्हणतात कशा, "माझं काही नाही हो. पण गच्चीवर आपण पान ठेवायचं, आणि शेजारी बांबूंच्या परांचीवर सहा माणसं घमेली घेऊन उभी... कावळा शिवेल का?" सगळ्या सभेनं माना डोलावल्या. ठराव तहकूब, कारण... कावळे! इतिवृत्तात तसं लिहायची मला लाज वाटली, मी 'तांत्रिक अडचण' लिहिलं. आणि भिंत पाझरतेच आहे.

दसऱ्यानंतर म्हटलं, तर परतीच्या पावसानं भिंत ओली. दिवाळीत म्हटलं, तर माणसं गावी. माणसं परतली, तर आमच्या वरचा सलिल, कंपनीचं काम घरूनच करतो, तो कानातले हेडफोन न काढताच म्हणाला, "काका, ॲक्च्युअली ना, हे हॅमरिंग माझ्या कॉल्समध्ये फुल ऐकू जाणार. आपण मार्चनंतर करू या का?" अरे, मार्चनंतर म्हणजे उन्हाळा! म्हणजे टँकर! म्हणजे सांडगे!

यंदा मात्र माझं डोकं फिरलं. भर सभेत उभा राहिलो. "मंडळी, डिसेंबर! हवा कोरडी, ऊन कोवळं, नळाला पाणी, कावळ्यांना सुट्टी! ज्याला अडचण असेल त्यानं माझ्या खोलीत आठ दिवस झोपून दाखवावं!" ठराव मंजूर, एकमतानं! आमच्याकडे एकमत याआधी फक्त चहा सांगायचा का, एवढ्यावरच झालं होतं. महिपतींनी बांबूसुद्धा आणून टाकले.

धावत घरी आलो, सुहासिनीला सांगितलं. ती आधी खोकली, मग म्हणाली, "डिसेंबर? अहो, आमोद येतोय ना!" आमोद आमचा मुलगा, टोरांटोला असतो. पाच वर्षांनी येणार, तान्ही नात घेऊन, जिला आम्ही फक्त फोनवर पाहिलंय. "त्या लेकराला सिमेंटच्या धुळीत ठेवायचं? तीन आठवडे तर राहणार ती!"

"अगं, पण तुझा खोकला?"

"खोकला काय, ओळखीचा झालाय. नात अजून ओळखीची व्हायची आहे."

आता बोला! खोटं कशाला सांगू, मलाही त्या पोरीला मांडीवर घ्यायचं होतं हो. सगळ्या सोसायटीशी भांडलेला मी, दुसऱ्या दिवशी माझ्याच हातानं फलकावर नोटीस लावली, 'अपरिहार्य कारणास्तव काम पुढे ढकलण्यात येत आहे.' संध्याकाळी पाहतो तर खाली पेन्सिलीनं, सुशीलाबाईंच्या अक्षरात, 'कारण विमानाने येत आहे.' चुकलं का त्यांचं? नाही चुकलं. महिपतींनी बांबू टेम्पोत घातले आणि ते विश्रांतवाडीला दुसऱ्या कामाला लागले. आता माणसं मोकळी होणार ती एकदम पुढच्या दिवाळीनंतर. तोवर भिंत... पाझरतेच आहे.

आणि परवा आमोदचा फोन. "बाबा, डिसेंबरची सुट्टी कॅन्सल झाली. पण डोन्ट वरी, आम्ही जुलैमध्ये येतोय. चांगले महिनाभर!"

जुलै! सुहासिनीकडे पाहिलं, तर ती खोकता खोकता हसत होती, "महिनाभर, अहो, महिनाभर!" मी फोनवर म्हटलं, "ये बाबा, जरूर ये. फक्त येताना तीन छत्र्या आण."

"छत्र्या कशाला बाबा? एअरपोर्टवरून कॅबनंच येऊ की!"

म्हटलं, "अरे, रस्त्यासाठी नाही... झोपताना लागतील."