ढोलकीवाल्याची जागा

पोखर्णीची बस काही येईना. स्टँडवर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या दगडाबाईंपुढं बँडची दोन पोरं येरझारा घालत हुज्जत घालायली होती.

“भुजंग, काल वरातीत कानातला तालाचा क्लिक का काढलास? सगळा बँड त्या टिकटिकीवर अन् तू एकटाच मागं!”

“नवरदेवाची आजी नाचायली होती, आदिनाथ. गुडघे धरून. तिला सोडून पळू का?”

“आजी सुपारी देती का आपल्याला? आज काढलास तर ढोलकी लॅपटॉपवरून वाजवीन.”

“अन् मी?”

“तू घरी बस. मशीन चुकत न्हाई.”

“मशीनला आजी दिसती का रे?”

दगडाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली.

“ये ढोलकीवाल्या, बस हितं. तू उभाच राहा रे मशीनवाल्या, तुझे कुठं गुडघे दुखायलेत!”