पहिल्या धारेची चव

"सायमनने बेसमेंटमध्ये दारू गाळायला..." चर्चबाहेर एवढंच कानावर आलं आणि मला राहवेना. कॅनडात लायसन्सशिवाय दारू गाळणं गुन्हा. शेजारीण म्हणून पोराला समजवायला नको? वाटीभर रवा मागायच्या निमित्ताने, हातात वाटी घेऊन थेट त्याच्या बेसमेंटमध्ये उतरले.

तांब्याची भट्टी खरंच रटरटत होती. सायमन रवा आणायला वर गेला. आमच्या वसईत पहिल्या धारेला केवढा मान! समजवायचं राहिलं बाजूला, मी भट्टीच्या नळीखाली वाटी धरली आणि गटकन प्याले. घशापासून कानापर्यंत आग!

सायमन जिन्यावरूनच ओरडला, "आंटी, थुंका! नवी भट्टी व्हिनेगर उकळून धुतोय. दारू नाही, गुलाबपाणी काढणार आहे!"

मी खोकत म्हटलं, "तेच तपासत होते. दारू निघाली असती, तर तुझ्या आईलाच फोन लावणार होते."