हार परत आलेल्याला

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे सहकार खात्याचे साहेब, संघाचे नवे चेअरमन दिनानाथभाऊ, पाचही गावांची नाखवा मंडळी आणि ज्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर हा मासळी संघ चालतो त्या माझ्या मायबहिणींनो,

आज निरोप माझा आहे आणि सत्कार दिनानाथभाऊंचा. हार मात्र एकच आणलाय. तो कुणाचा, हे सेक्रेटरींनी मला आधीच बजावून ठेवलंय.

सध्या पेपरात इंग्लंडनं युरोपच्या सामायिक बाजारात शिरावं की नाही, याची चर्चा असते. पालघर स्टेशनवर लोक मला विचारतात, धर्माजी, तुमचं मत काय? मी म्हणतो, बाबांनो, आत शिरण्याचं मला कळत नाही; बाहेर पडल्यावर काय होतं ते विचारा.

आपला संघ म्हणजे तरी काय? बर्फाची लॉरी एक, भाव एक, बाजारातला ओटा एक. आणि ज्या गावाची जाळी रिकामी येईल, त्या गावच्या बायकांच्या पाट्या दुसऱ्या गावानं भरायच्या, म्हणजे ओट्यावरची त्यांची जागा मोडत नाही. ही आपली रीत.

पाच गावांत नवापाड्याच्या होड्या मोठ्या. तिथले दिनानाथभाऊ भर सभेत उठले. "मासली आमची, आन पाटी भरायची दुसऱ्याची? आमी नाय ऱ्हात!" आणि गेले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. तिथल्या एका खाणावळवाल्यानं त्यांचा सगळा माल चढ्या भावानं उचलला. नवापाड्यात घरांवर नवी कौलं चढली. भाऊंनी रेडिओ घेतला आणि खाडीकडच्या खिडकीत ठेवला, म्हणजे गाणी थेट खाडीपलीकडे आमच्या ओटीवर! माझी विजया म्हणाली, "त्यांच्याकडं रेडिओ हाय, आपल्याकडं नियम हायत." मंडळी, मी जळलो. अजून जळतो.

इकडे आमची लॉरी अर्धी रिकामी धावू लागली. पण ड्रायव्हर काय अर्धं भाडं घेतो? बर्फ महागला, चेअरमन म्हणून बोलणी मी खाल्ली. मग खाणावळवाल्यानं दुसरीकडून मासळी आणली आणि नवापाड्याला म्हणाला, निम्म्या भावात देता का? नाही म्हणावं, तर यांच्याकडे बर्फ नाही, लॉरी नाही. भाऊंची धाकटी बहीण नवसी बाजारात, ओटा संघाचा म्हणून तो सोडून, गटाराच्या कडेला बसायला लागली. शेवटी नवापाडा परत आला. दार मीच उघडलं.

आणि निवडणुकीत तुम्ही चेअरमन कुणाला केलं? म्हणे, "भाऊनं भायेरचा बाजार पायलाय." पाहिलाय ना! म्हणून तर परत आले! परत येणाऱ्याचं स्वागत होतं. जो कधी गेलाच नाही, त्याचं स्वागत कुठल्या दिवशी करायचं, साहेब?

आता घरातली गोष्ट सांगतो. परवा तोच खाणावळवाला माझ्या अंगणात आला. "नाखवा, अपना माल अलग दे दो, भाव मैं देखता हूँ." माझं मन हललं. विजयाला म्हटलं, होड्या घेऊन बाहेर पडतो, मग बघू हार कुणाला घालतात! ती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा तुमी. होड्या तुमच्या हायत. वट्यावरची जागा माजी हाय, ती मी सोडायची नाय. आन तुमची मासली मी इकायची नाय. संघाभायेरची मासली वट्यावर चालत नाय. नियम तुमचाच हाय."

तेव्हा मी संघातच राहतोय. मोठ्या मनानं राहतोय, असं सेक्रेटरींनी अहवालात लिहू नये.

इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलताना चुकून कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. मुद्दाम लावलेलं ज्याचं त्याला कळलंच असेल, त्याची माफी मागत नाही.

आणा तो हार, मीच घालतो. वाका, दिनानाथभाऊ. आणि ध्यानात ठेवा, उद्या माझी जाळी रिकामी आली, तर विजयाची पाटी नवापाड्यानं भरायची आहे.