धरली आणि सोडली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान आमचे प्रकाशक, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या मुद्रितशोधक बाई, त्यांचे यजमान, आणि पंखा नीट लागत नसतानाही शांतपणे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी पुस्तकाची पानं लावणारा माणूस. मला भाषण येत नाही. पण बाई आज निवृत्त होऊन निघाल्या आणि मी गप्प राहिलो, तर ते बरं दिसणार नाही. एकदा गप्प राहिलो होतो, तेवढं पुरे झालं.

बाईंची सवय कोणाला ठाऊक नाही? फाइल उघडली की त्या जागेवरूनच मोठ्यांदा सांगणार, "धरली!" बंद केली की, "सोडली!", म्हणजे आता दुसऱ्यानं खुशाल धरावी. पाहुणे दचकतात. आपण हसतो. ही सवय त्यांना कशी लागली, हे कधी कोणी विचारलं का? नाही. ती माझ्यामुळे लागली.

बारा वर्षांपूर्वी आपण परिचारिकांसाठी औषधांचं पुस्तक काढत होतो. बाई त्यांच्या साध्या एडिटरमध्ये मजकूर तपासायच्या, मी पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ते बसवायचो. फाइल मात्र एकच. मी ती सोमवारी उघडली आणि आळसापोटी आठवडाभर तशीच उघडी ठेवली. बाई रोज दुरुस्त्या करत होत्या, त्या माझ्या पडद्यावर दिसतच नव्हत्या. शुक्रवारी मी जतन करायला गेलो तेव्हा पडद्यावर पाटी आली: ही फाइल दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे, तुमचीच प्रत ठेवायची का?

मला घरी जायची घाई. मनात म्हटलं, बाईंचे दोन स्वल्पविराम असतील. 'हो' दाबलं. बाईंचा अख्खा आठवडा पुसला गेला.

शनिवारी सकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा पांढराफटक. लहान मुलांच्या डोसाच्या तक्त्यात दशांश चिन्ह एक घर सरकलेलं होतं, ते त्यांनी मंगळवारीच दुरुस्त केलं होतं. आता ते पुन्हा चुकीचं. म्हणजे दहापट औषध. फाइल दुपारी छापखान्यात जाणार होती.

"अहो, जतन करताना सॉफ्टवेअरनं काही विचारलं होतं का?"

"छे हो बाई, काहीच नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

मग त्या प्रकाशकांकडे गेल्या. "दोन सॉफ्टवेअरचं आपसात जमलं नाही, मला चार दिवस द्या," एवढंच सांगितलं. बोलणी त्यांनीच खाल्ली. साहेब, तुम्हाला आठवत असेल. नुकतीच लागलेली माझी नोकरी त्या 'बरं'वर टिकली. चार दिवस त्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसल्या, आणि पाचव्या दिवशी आपल्या ऑफिसात पहिल्यांदा ऐकू आलं, "सोडली!"

तीच पाटी बाईंच्या एडिटरमध्येही येते, हे मला पुढे वर्षभरानं कळलं. म्हणजे बाईंना तेव्हाच सगळं माहीत होतं. मला लाज वाटली, अजून वाटते. माझी बायको समोर बसली आहे, तिलाही हे आजच कळतंय. घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

साहेब, घोळ सॉफ्टवेअरनं घातला नव्हता, मी घातला होता. त्यानं बिचाऱ्यानं रीतसर विचारलं होतं.

आज दुपारी बाईंनी शेवटची फाइल बंद केली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "सोडली!" आपल्यापैकी कोणीच उत्तर दिलं नाही.

आपण माझं ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदयांनी वेळेकडे काणाडोळा केला, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि बाई, तुम्ही दुरुस्त करा. या खेपेला तुमचीच प्रत ठेवीन.

आणि दुपारचं उत्तर राहिलंय, ते देऊन खाली बसतो. बाई, धरली.