खुर्ची तीन बोटे खाली

मी खाली सही करणार, वय ५२ वर्षे, धंदा खेळाच्या सामानाचे दुकान, राहणार त्याच दुकानाच्या वरचा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

दुकानातील माझी खुर्ची तीन बोटे खाली करण्यात आली आहे. हा गुन्हा होत नाही, असे हवालदारांनी सांगितले. माझे म्हणणे असे की, ज्याचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही अशा इसमाला तीन बोटे म्हणजे विहीर आहे. तरी नोंद घ्यावी.

शाळेत मी धावणे, उंच उडी, फुटबॉल व हॉकी अशा चार खेळांत होतो. गुडघा तिथेच गेला. लोक मला अजूनही चॅम्पियन म्हणतात, विशेषतः भाव कमी करून मागताना.

दुकान एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नावावर झाले. माल व कागदपत्रे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पाहतो. तो माझा वर्गमित्र. शाळेत त्याला स्प्रिंग म्हणत. रिलेत तो तिसरा, मी चौथा. चौथ्याने पळत सुटायचे आणि हात मागे धरायचा. कांडी हातात येते. ती सवय दुकानातही राहिली. मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना तो मागून कागद देई, मी सही करून तसाच मागे देई. न वाचता का, असे विचारले असता सांगतो की, मागे बघितले की वेग जातो, असे आमचे सर शिकवत.

आज सकाळी पावणेदहा वाजता मी खुर्ची वर करायला वाकलो असता स्प्रिंग म्हणाला, "राहू दे, चॅम्पियन. मला तेवढीच लागते."

"तुला कशाला लागते?"

त्याने कागद दाखवला. दुकान गेल्या महिन्याच्या बारा तारखेस त्याच्या नावे झाले आहे. सही माझीच आहे. सुवाच्य आहे. साक्षीदार म्हणून बहिणीची आहे.

मी म्हणालो, "मागून दिलास ना?"

तो म्हणाला, "तू कधी मागे बघितलंस का रे?"

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, यांनी जन्मभर तुझे खोकेच उचलायचे का?" मी फोन ठेवला. खोके मीही उचलले आहेत. हे वाक्य खोडले तरी चालेल.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारले. आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी अंतिम रिलेत कांडी स्प्रिंगच्या हातून पडली, असे सगळे मानतात. सरांनी मैदानावरच त्याच्या कानाखाली वाजवली व त्याला संघातून काढले. कांडी माझ्या हातात नीट आली होती. ती माझ्याकडून पडली. मी बोललो नाही.

हवालदार म्हणाले, "याचा इथे काय संबंध? उलट त्याच्याच फायद्याचं होईल."

तरी लिहून घ्यावे. फसवणुकीची तक्रार कायम आहे.

जबाब मला वाचून दाखवला. नंतर मी तो स्वतः दोनदा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून आता सही करतो.